घरातलं शाळेचं माणूस: सोलापुरात सहावी, सातवी, आठवीचा वर्ग पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

जूनमध्ये वर्ग हाती येतो तेव्हा प्रत्येक मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि एक मोबाईल नंबर लिहिलेला असतो. आता पालकांशी संपर्काची सोय झाली, असं नव्या वर्गशिक्षकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या पहिल्याच वर्षी मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. बदललेली वेळ मी सगळ्या नंबरांवर पाठवली. सोमवारी सातवीतला एक मुलगा नेहमीसारखा अकराला, पाठीवर दप्तर आणि हातात डबा घेऊन फाटकाशी उभा. शाळा सुटायची वेळ झाली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की मेसेज भिवंडीला गेला होता. वडील तिकडे यंत्रमागावर, फोन त्यांच्याजवळ. त्यांनी मेसेज वाचला, पण घरी माहीत असेलच असं समजून सोडून दिला. घरात आई आणि आजी, दोघींच्या कानावर काही नाही. त्या पोराला सगळ्या शाळेसमोर परत जावं लागलं, आणि चूक त्याची नव्हती.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून चालते. प्रत्येक घरात शाळेचं एक माणूस असतं. मुलाला उठवणारं, डबा भरणारं, वहीवर सही करणारं, 'आज का गेला नाहीस' असं विचारणारं. ते माणूस शोधून काढलं की उरलेलं काम सोपं जातं. ते सापडलं नाही, तर कितीही छान सूचना लिहिल्या तरी त्या भिवंडीला जातात.

पहिले पंधरा दिवस: माणूस शोधा

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. वरच्या ओळीत मुलाचं नाव, खाली चार प्रश्नांची उत्तरं. ही उत्तरं छापील फॉर्मवर मागवू नका, मुलाशी बोलून काढा. सकाळी तुला कोण उठवतं? फोन दिवसा कोणाजवळ असतो? घरात कोणती भाषा बोलता? घरातलं मोठं माणूस कोणत्या वेळेला मोकळं असतं?

आपल्या शहरात हे प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंतच्या पूर्व भागात असंख्य घरांत तेलुगू बोलतात. दुसऱ्या गल्लीत कन्नड, तिसरीत उर्दू. आपल्या महापालिकेच्या शाळाच चार माध्यमांच्या आहेत. मराठी माध्यमात आलेलं मूल मराठी बोलतं, म्हणून त्याची आजी मराठी वाचते असं धरून चालू नका.

वेळेचंही तसंच. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बाप दुपारी झोपलेला असू शकतो. विड्या वळणारी आई सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात देऊन, पान-तंबाखू घेऊन घरी येते आणि मग दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसते. तिला सकाळी दहाला शाळेत बोलावलं तर तिची मजुरी बुडते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून किंवा रे नगरमधून यायचं म्हणजे रिक्षाचं भाडंही आलं. म्हणून 'पालक येत नाहीत' असं शिक्षकखोलीत म्हणण्याआधी आपण त्यांना कोणत्या वेळेला बोलावलं, ते एकदा पाहावं.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा असतात: 'आजीशी बोलायचं, दुपारी तीननंतर, शेजारच्यांच्या फोनवर.' 'थोरली बहीण अकरावीत, मेसेज तीच वाचून दाखवते.' 'आई, संध्याकाळी सातला, तेलुगू.' पन्नास मुलांचा वर्ग असला तरी रोज चार-पाच मुलांशी बोललं की पंधरा दिवसांत वही भरते.

पहिला फोन, काही बिघडलेलं नसताना

शाळेतून फोन आला की घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पोरगं पडलं का, मारामारी केली का, पैसे भरायचे राहिले का. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'नमस्कार ताई, मी तुमच्या मुलाची वर्गशिक्षिका बोलतेय. काळजीचं काही नाही.' हे शेवटचं वाक्य आधी बोला. मग मुलाविषयी एक खरी, तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट सांगा. 'काल त्याने नव्या मुलाला स्वतःहून शेजारी जागा दिली.' दोन मिनिटांत फोन ठेवा.

जुलैअखेरपर्यंत प्रत्येक घरी असा एक फोन झालाच पाहिजे. पुढे डिसेंबरात तुम्हाला काही अवघड सांगायची वेळ आली, तर समोरचं माणूस तुमचा आवाज ओळखत असतं. हे काम कुठल्याही तपासणीत दिसत नाही, पण वर्षभराच्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत हे लिहिलेलं आहे: पालकांच्या नियमित सभा घेणं, आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणं.

दिनक्रमाचा एक कागद

प्राथमिक शाळेत एक बाई सगळे विषय शिकवतात. मोठ्या शाळेत आलं की दर तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई, वेगळी वही. महापालिकेच्या सातवीपर्यंतच्या शाळेतून थेट आठवीत आलेल्या मुलाला तर इमारतही नवी असते. अकरा ते चौदा या वयातलं मूल घरी फारसं सांगत नाही. 'आज काय झालं?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर. त्यामुळे घरच्यांना शाळेचा दिवस कसा जातो हेच ठाऊक नसतं.

तेव्हा जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकच पान द्या. मोठ्या अक्षरात, पाठपोट नाही, घरात भिंतीवर चिकटवता येईल असं. त्यावर एवढंच:

शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, शनिवारची वेगळी वेळ. फाटक बंद होण्याची वेळ आणि उशीर झाला तर काय करायचं. वारानुसार तासिका, आणि प्रत्येक वारासमोर त्या दिवशी लागणारी खास वस्तू: कवायतीचा गणवेश, चित्रकलेची वही, कंपासपेटी. दुपारच्या सुट्टीची वेळ. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, तेव्हा डबा द्यायचा की नाही हे घरानं ठरवावं, पण पाण्याची बाटली मात्र रोज हवीच. गैरहजेरी कोणाला आणि कशी कळवायची. आणि तळाशी तुमचं नाव, फोन करायची वेळ.

गृहपाठाबद्दल एक ओळ हवीच: रोज किती वेळ लागायला हवा, आणि त्याहून जास्त लागत असेल तर वहीत तसं लिहून पाठवा. मी सातवीला साधारण एक तास लिहिते. रात्री अकरापर्यंत मूल वहीवर वाकलेलं असेल तर ते मला कळायला हवं.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोडही याच वेळी एकदा फोनवर करून दाखवा. पुस्तकात असे कोड घालण्याच्या कल्पनेला आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून मोठं बळ मिळालं. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं. पण कोड कसा उघडायचा हे ठाऊक नसलेली घरं वर्गात अजून पुष्कळ आहेत.

व्हॉट्सॲपचा गट

गट करायचाच. पण पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनलाच मेसेज पाठवता येईल असं करा. नाहीतर आठवड्याभरात सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसाचे केक यांत तुमची सूचना सापडायची नाही.

एका मेसेजात एकच गोष्ट. पहिल्या ओळीत कोणासाठी आणि कधी, दुसऱ्या ओळीत काय करायचं. असा:

'इयत्ता सातवी अ. पुढच्या मंगळवारपासून. शाळा सकाळची. मुलांना न्याहारी देऊन सव्वासातला फाटकाच्या आत पाठवा. डबा नको, पाणी द्या.'

कार्यालयातून आलेलं परिपत्रक जसंच्या तसं पुढे ढकलू नका. 'उपरोक्त विषयास अनुसरून' वाचून कुणाच्या घरात काही हलत नाही. तुम्ही वाचा, त्यातलं आपल्या वर्गापुरतं काढा आणि बोलतो तसं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज. ज्यांना वाचता येत नाही, किंवा ज्यांची लिपी वेगळी आहे, त्यांनाही तो कळतो. माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना तेलुगू येतं. महत्त्वाच्या सूचना आम्ही दोघी मिळून दोन्ही भाषांत बोलून टाकतो. तुमच्याही शिक्षकखोलीत कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारं कुणी ना कुणी असेल. त्यांना विचारायला संकोच करू नका.

गटावर कधीच न टाकायच्या गोष्टीही आहेत. कुणाचे गुण. कोण गैरहजर त्यांची यादी. कुणाचे पैसे बाकी. कुणी काय खोडी केली. मुलांचे फोटो टाकण्याआधी जूनमध्येच प्रत्येक घराची लेखी परवानगी घ्या आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांचा मान ठेवा. रात्री आठनंतर मेसेज नको, अगदी सुट्टी जाहीर झाली तर अपवाद.

आणि गटावर टाकलं म्हणजे कळवलं असं नाही. महत्त्वाची सूचना मुलांच्या वहीत लिहून द्या, सही मागवा. दुसऱ्या दिवशी सही नसलेल्या सात-आठ वह्यांपुरते फोन करा. ते सात-आठ फोन टाळले की भिवंडीची गोष्ट पुन्हा घडते.

गैरहजेरी

पहिल्या दिवशी मूल आलं नाही तर दुपारपर्यंत फोन करा. तीन दिवस थांबू नका. घरातून निघालं आणि शाळेत पोचलंच नाही, असं या वयात होऊ शकतं, आणि ते घरच्यांना त्याच दिवशी कळायला हवं.

फोनवर 'का आला नाही' असा जाब विचारण्याऐवजी 'आज दिसला नाही, बरा आहे ना?' असं विचारलं की खरं कारण बाहेर येतं. आमच्याकडे एक कारण फार नेहमीचं आहे: पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. उशिरा येणाऱ्या मुलींची नोंद मी दोन महिने तारखेनुसार ठेवली, तेव्हा एकाच भागातल्या मुली एकाच दिवशी उशिरा येतात हे दिसलं. मग त्यांच्या आयांशी बोलून ठरवलं: पाण्याच्या दिवशी वीस मिनिटं उशीर चालेल, पण घरी थांबवायचं नाही. गैरहजेरी लगेच कमी झाली. नियम मोडला म्हणून कुणी मला बोललं असतं तरी मी हेच केलं असतं.

सोलापूरचं कॅलेंडर शाळेच्या कॅलेंडरशेजारी ठेवा

बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षकांनी हे नीट वाचावं. वर्षाचं नियोजन करताना काही दिवस आधीच ओळखून ठेवावे लागतात.

आषाढीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे वारीच्या दिवसांत गावाकडची मुलं घरच्यांबरोबर जातात. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव. कोजागरीला शहरातून हजारो लोक तुळजापूरला पायी निघतात, रस्ता रात्रभर भरलेला असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवली तर निम्मा वर्ग पाय सुजवून घरी असेल. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची मोठी जत्रा. कित्येक मुलं बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पारंपरिक पोशाख घालून घरच्या मोठ्यांबरोबर मिरवणुकीत चालतात. या दिवसांत 'मुलांना शाळेत पाठवाच' असं बजावण्यात अर्थ नाही. त्याऐवजी डिसेंबरच्या शेवटीच कळवा: यात्रेची सुट्टी कोणत्या तारखांना, शाळा परत कधी भरणार आणि त्या आठवड्यात कोणता धडा होणार. गड्डा पुढे बरेच दिवस चालतो, तेव्हा 'संध्याकाळी एकदा जाऊन या, रोज रात्री नको' एवढं हक्कानं सांगता येतं, जर जुलैत तो पहिला फोन केलेला असेल तर.

मग ऊन. आपला मार्च-एप्रिल कसा असतो ते सांगायला नको. सकाळच्या शाळेचा बदल किमान चार दिवस आधी, तिन्ही मार्गांनी कळवा: गट, वही, आवाज. न्याहारी करूनच पाठवा हे त्यात हवं, कारण उपाशी पोटी आलेलं मूल परिपाठातच चक्कर येऊन बसतं.

गोळ्या

सहावीपासून आठवड्यातून एकदा लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, मुलांनाही आणि मुलींनाही. फेब्रुवारीत जंतनाशक गोळीचा दिवस असतो. यांबद्दल आदल्या दिवशी घरी कळवलं नाही तर एका मुलाच्या पोटात दुखल्याची बातमी संध्याकाळपर्यंत 'शाळेत विषबाधा' होऊन गल्लीत फिरते. काय लिहायचं: गोळी कशाची, कुठून आली, जेवणानंतरच देतो, थोडी मळमळ होऊ शकते, लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखं नाही, मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर वहीत लिहून पाठवा. मुलाचं नाव आणि दिलेली गोळी, दोन्हींची नोंद ठेवा.

पालक सभा

सभेत मुख्य भाषण नको. हार-नारळात वीस मिनिटं जातात आणि मजुरी बुडवून आलेली आई तशीच परत जाते. मी सभा संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी ठेवते, सतरंजीवर गोल बसवते, आणि मुलांच्या वह्या समोर ठेवते. वही पाहिली की पालक आपणहून बोलू लागतात. जो येणार नाही त्याच्यासाठी त्या आठवड्यात फोन. ज्यांच्या घरी जाणं जमेल तिथे जाते, मात्र आधी कळवून. आणि चहाला बसते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला, हे कायद्यात आहे. तुमच्या वर्गातल्या एखाद्या बोलक्या आईला तिथे जायला सांगा. शौचालयाच्या दाराची कडी तुटली हे आपण दहा वेळा सांगूनही होत नाही, तिनं एकदा विचारलं की होतं.

अवघड बोलणं

चोरी, मारामारी, कॉपी, मोबाईलवरचे नको ते व्हिडिओ, मुलीला कुणी रस्त्यात त्रास देणं. हे मेसेजवर कधीही नाही. समोरासमोर, दार लोटून, शक्यतो आणखी एका शिक्षिकेला बरोबर घेऊन.

मुलालाच दुभाषी करू नका. आईला मराठी कमी येतं म्हणून तिच्या पोराकरवी त्याचीच तक्रार सांगणं हा त्या दोघांचाही अपमान आहे, आणि तो काय सांगेल तेही तुम्हाला कळणार नाही. भाषा येणारा सहकारी घ्या.

बोलण्याआधी एक विचार करा: हे घरी कळल्यावर मुलाला मार बसेल का? बसेल असं वाटत असेल तर बोलणं तिथून सुरू करा. 'मी हे तुम्हाला सांगतेय कारण आपण दोघी मिळून मार्ग काढू. मारलं तर तो पुढच्या वेळी लपवेल.' घरातूनच मुलाला धोका आहे असं दिसलं तर मात्र पालकाला फोन करण्याची घाई नको. आधी मुख्याध्यापक, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती आणि चाइल्डलाइन १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी. हा नंबर वर्गात मुलांना दिसेल असा लावलेला असावा.

मुलींच्या पाळीबद्दल सहावीतच आयांशी, आजींशी वेगळं बसून बोला. शाळेत पॅड कुठे मिळतो, कोणत्या बाईंना सांगायचं, एवढं कळलं तरी महिन्याच्या तीन-चार गैरहजेऱ्या थांबतात.

आठवीच्या घरांसाठी

दोन गोष्टी ऑगस्टमध्येच सांगा. पहिली, २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, पण तिथेही जमलं नाही तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. 'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही' असं समजणारी घरं अजून आहेत, आणि त्यांना हे एप्रिलमध्ये कळणं क्रूर आहे.

दुसरी, एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. विडी वळणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे काय ते मी सांगायला नको. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, पण उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं यांत महिने जातात. म्हणून ऑगस्टमध्ये कागदांची यादी वहीत लिहून द्या आणि सप्टेंबरअखेर प्रत्येकाचं काय झालं ते विचारा. कागद राहिला म्हणून हुशार मूल परीक्षेला बसू शकलं नाही, असं माझ्या वर्गात एकदा झालं. ती मुलगी आजही रस्त्यात भेटली की हसून नमस्कार करते, आणि मला तो दाखला आठवतो.

निकालानंतर

प्रगतीपुस्तक देताना प्रत्येक घराला तीन मिनिटं द्या. आधी मूल काय शिकलं, मग कुठे अडतं, मग सुट्टीत घरी करता येईल अशी एकच गोष्ट. श्रेणीचा अर्थ सांगा, नुसतं 'ब-१' म्हणून घरात कुणाला काही कळत नाही.

आणि ती दोनशे पानी वही. उन्हाळ्यात ती कपाटात ठेवू नका. बदललेले नंबर खोडून नवे लिहा, भिवंडीहून परत आलेल्या बापाची नोंद करा, वारलेल्या आजीच्या जागी आता कोण उठवतं ते लिहा. घरच्यांनी विश्वासानं सांगितलेलं, पुढच्या शिक्षकाला लागणार नाही असं काही असेल तर ते पान काढून घ्या. मग जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी, घंटा होण्याआधी, वही पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या.